फोन कुणाच्या हातात?

गेल्या टर्मच्या इंटर हाउस वादविवाद स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. ‘ऑनलाइन शिक्षण वर्गातल्या शिक्षणाची जागा घेऊ शकतं’ असा विषय होता आणि मी बाजूने बोललो. गिंडीच्या आय.आय.टी.पासून सुरुवात केली, तिथून स्वस्त डेटावर आलो आणि शेवटी टेबलावर हात ठेवून म्हणालो, ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे आणि मनात जिद्द आहे, त्याला आज कोणीही अडवू शकत नाही. टाळ्या पडल्या. विरोधी बाजूचा कॅडेट नेटवर्क, वीज आणि डोळ्यांवरचा ताण यांतच अडकून पडला होता, त्यामुळे जिंकणं फार अवघड गेलं नाही.

त्याच रविवारी घरी फोन करायची आमच्या डॉर्मची पाळी होती. मी ताईला अख्खं भाषण मराठीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छान बोललास की. पण तेव्हा फोन तुझ्याच हातात होता.” आणि लगेच आज मेसमध्ये काय होतं ते विचारायला लागली. कॉलची उरलेली चार मिनिटं मी इडलीबद्दल बोललो.

वादविवादात उत्तर द्यायला एक मिनिट मिळतं. मला इथपर्यंत यायला एक अख्खी टर्म लागली. हे मी मराठी पानावर लिहितोय, कारण मासिक घरी जातं तेव्हा ताई हे पान सगळ्यात आधी उघडते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. आमच्या भागातली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. भारतात जिथे म्हणून सराफ बाजार आहे तिथे खानापूर, आटपाडी, तासगावकडचा एखादा माणूस भट्टी लावून बसलेला सापडतोच. माझे अण्णा आणि काका इथे चेन्नईत, सौकारपेठेत आहेत. मी मात्र पाचवीपर्यंत गावातच शिकलो, जिल्हा परिषदेच्या शाळेत. घरात आई, आजी, ताई आणि मी.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मे महिन्यात अण्णा पास काढून गावी आले आणि त्यांच्याबरोबर आमच्या घरात पहिला स्मार्टफोन आला. त्याआधी आईकडे बटणांचा फोन होता. जूनपासून ऑनलाइन तास सुरू झाले, तेव्हा घरात विद्यार्थी दोन होते. मी पाचवीत, सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारा, आणि ताई नववीत. दोघांचेही तास सकाळी अकराला. रोजचा डेटा दीड जी.बी.

कोणी भांडलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. फोन मुलाला द्यायचा आणि मुलीला नाही, असं आमच्या घरात कोणी बसून ठरवलं नाही. आजी एवढंच म्हणाली, “त्याची परीक्षा हाय, त्येला घिऊ दे.” ताईनेच चार्जरवरून फोन काढून माझ्या हातात दिला. तिने मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घ्यायचं, हेही कोणी बोललं नाही, सगळ्यांनी धरून चाललं. रात्री जेवणं झाली, भांडी झाली की फोन तिला मिळायचा. तोवर माझ्या गणिताच्या व्हिडिओंनी दीड जी.बी. संपवलेला असायचा. मग ती बारा वाजायची वाट बघायची, कारण बाराला नवा डेटा सुरू व्हायचा. किती रात्री ती वाट बघता बघता झोपून गेली, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा झोपलेलो असायचो, सकाळी लवकर उठायचं म्हणून.

घरात रेंज जेमतेम एक कांडी. चांगली रेंज गावाबाहेर पाण्याच्या टाकीखाली यायची. तिथे सगळी पोरं बसलेली असायची, कोणी अभ्यासाला, बरेचसे पबजीला. मी रोज जायचो. ताई एकदा गेली होती, दुपारी, मैत्रिणीला सोबत घेऊन. संध्याकाळपर्यंत तीन बायकांनी वेगवेगळं येऊन आजीला सांगितलं की तुमची पोरगी फोन घेऊन टाकीपाशी दिसली. माझ्याबद्दलही एकदा एक जण सांगायला आले होते. “पोरगं लई अभ्यास करतंय,” म्हणाले.

मोबाइल कंपनीच्या नकाशात आमचं गाव रंगवलेलं असणार, आणि ते खोटं नव्हतं. नेटवर्क होतं. पण ते टाकीखाली होतं आणि तिथे बसायची मुभा अर्ध्याच गावाला होती. आमच्या वादविवादात नेटवर्कवर दोन्ही बाजू मिळून बारा मिनिटं बोललो, त्यात हा मुद्दा एकदाही आला नाही. ऑनलाइन शिक्षणाची आपली चर्चा टॉवरपाशी सुरू होते आणि फोनच्या किमतीपाशी संपते. टॉवर आणि फोन दोन्ही आल्यावर घरात पुढे काय होतं, ते मी पाहिलं आहे. त्याचा फायदाही मीच घेतला आहे.

हे आमच्या एका घरापुरतं असेल असं मला आधी वाटायचं. मग समाजशास्त्राच्या सरांनी लायब्ररीत दोन पाहण्या दाखवल्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘इंटरनेट कधी तरी वापरलं आहे का’ असा साधा प्रश्न होता. देशात 57.1 टक्के पुरुषांनी हो म्हटलं, आणि 33.3 टक्के स्त्रियांनी. दुसरी 2023 ची ‘असर’ पाहणी, ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची, म्हणजे आपल्याच वयाची. त्यात जवळपास 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण ज्यांना फोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के. ‘घरात फोन आहे का’ हा प्रश्न आम्हाला 2020 मध्ये शाळेनेही विचारला होता. ताईने हो लिहिलं. खरंच तर होतं ते.

आईअण्णांना मी दोष देत नाही. त्यांनी हिशेब केला आणि तो त्यांच्या बाजूने बरोबर होता. माझ्या परीक्षेच्या पलीकडे सैनिकी शिक्षणाची शाळा दिसत होती, तिथून पुढे एन.डी.ए. दिसत होती. ताईच्या नववीच्या पलीकडे दहावी होती आणि त्याच्या पलीकडे घरातल्या कोणालाच काही स्पष्ट दिसत नव्हतं. मुलींना एन.डी.ए.ची परीक्षा देऊ द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला ऑगस्ट 2021 मध्ये. मागच्या वर्षी, 30 मे 2025 ला, 17 मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली. गावात त्या वेळी कोणाला हे सांगितलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता. घरात जेव्हा एकच वस्तू असते तेव्हा ती जिथून काही परत येईल असं वाटतं तिथे जाते. बैलजोडी एक असली की आधी कुठलं रान नांगरायचं, तसंच हे.

त्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी पास झालो. ताईचं नववीचं बीजगणित आणि भूमिती दोन्ही कच्चं राहिलं. 2022 च्या दहावीला तिला गणितात काठावरचे गुण पडले आणि तिने कला शाखा घेतली. सातवीपर्यंत वर्गात गणितात तिचा पहिला नंबर असायचा. माझी तोंडी आकडेमोड चांगली आहे असं इथले सर म्हणतात, ती मला तिनेच शिकवलेली आहे, चुलीपुढे बसून, पावकी-निमकीसकट.

आता गंमत अशी की प्रवेश मिळाल्यावरही मी कित्येक महिने गावातच होतो. आमची बॅच कॅडेट झाली ती आधी फोनवर. तमिळनाडूत पहिली ते आठवीचे वर्ग उघडले ते 1 नोव्हेंबर 2021 ला. तोवर सकाळी सहाला फोन खिडकीत उभा करून मी पडवीत पी.टी. करायचो. आजी दात घासत बघायची. शेजारची लहान पोरं रांगेत उभी राहून माझ्याबरोबर हात वर-खाली करायची. आमच्या बॅचचा तो सगळ्यात मोठा ड्रिल स्क्वाड होता.

पण कॅमेरा चालू ठेवायचा नियम आला आणि ती गंमत गेली. पहिल्याच तासाला माझ्यामागे गोठा दिसला आणि म्हैस ओरडली. कोणी तरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून मी मागे चादर बांधली. इथे आल्यावर कळलं की आमच्या सेक्शनमध्ये चादर बांधणारे आम्ही सात जण होतो. एकाच्या मागे कच्च्या विटांची भिंत, एकाच्या मागे दिवसभर खाटेवर झोपलेले आजोबा. आणि एक जण घरात दारूवरून भांडणं व्हायची म्हणून माइक कधीच चालू करायचा नाही. सरांना वाटायचं त्याला उत्तर येत नाही. आज तो आमच्या सेक्शनमध्ये भौतिकशास्त्रात पहिला आहे. शाळेत आपण सगळे एकसारख्या खाकीत उभे राहतो. कोणाचं घर कसं आहे ते फॉल-इनमध्ये दिसत नाही. युनिफॉर्म कशासाठी असतो ते मला पुस्तकातून कळलं नव्हतं, त्या कॅमेऱ्याने शिकवलं.

चेन्नईत आल्यावर आउटपासला मी काकांकडे जायला लागलो. सौकारपेठेत मिंट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत खाली भट्टी आणि वर एक खोली. माझा चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याची गोष्ट वेगळीच आहे, कारण त्याच्या हातात फोन होता, रेंज भरपूर होती, आणि तरीही ऑनलाइनच्या दीड वर्षात तो मागे पडला.

त्याच्या घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, बाजारात हिंदी आणि वहीत इंग्रजी. एरवी हे सगळं मजेत चालायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण त्याने मला सांगितलं की त्यांच्या विज्ञानाच्या मिस फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या आणि मग मुलांकडे वळून तेच तमिळमध्ये समजावायच्या. सगळ्यांना कळायचं ते त्या वळण्यात. तास फोनवर आला आणि मिसचं वळणं बंद झालं. तास रेकॉर्ड व्हायचा, पालक मागे बसून ऐकायचे, आणि भरपूर फी भरून इंग्रजी माध्यमात घातलेल्या पोराला तमिळमधून शिकवताना कोणी ऐकलं तर तक्रार होईल, अशी त्यांना भीती असणार. त्या शेवटपर्यंत शुद्ध इंग्रजीत बोलल्या. वर्ग गप्प झाला. काकू तमिळ माझ्या तमिळ मित्रांपेक्षा चांगलं बोलतात, पण त्यांना वाचता येतं ते फक्त मराठी. चुलतभावाला मराठी वाचता येत नाही. एका खोलीत दोघं शेजारी बसून एकाच पुस्तकाकडे बघत होते आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याला मदत करता येत नव्हती.

वादविवादात मी ज्या आय.आय.टी.चा दाखला दिला ती या खोलीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. 2003 पासून तिथून एन.पी.टी.ई.एल.ची व्याख्यानं देशभर जातात, फुकट. 2020 मध्ये त्यांनी ऑनलाइन पदवीचा अभ्यासक्रमही सुरू केला. ती फार मोठी गोष्ट आहे, यावर माझं मत बदललेलं नाही. आता त्या व्याख्यानांचं भारतीय भाषांत भाषांतर होतंय, त्यात मराठीही आहे. पण त्या अभ्यासक्रमाची परीक्षा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यावी लागते, हे मी भाषणात सांगितलं नाही. ते माझ्या बाजूच्या विरोधात गेलं असतं.

भाषेचा हा प्रश्न काही फोनने आणलेला नाही. आठवीत आमची सहल तंजावरला गेली होती. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पाहून मी एकटाच ओरडलो आणि हवालदार मेजर साहेबांची नजर खाल्ली. तंजावरचे सरफोजी राजे लहानपणी काही काळ इथे मद्रासलाच शिकायला होते. म्हणजे घरापासून लांब राहून शिकणारे, आपल्यासारखेच. राजा झाल्यावर त्यांनी 1805 मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक निघालं. त्यांनी लिहिलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. लोकांना कुरवंजीचा खेळ माहीत होता, भूगोल नवा होता. नवं ज्ञान त्यांनी ओळखीच्या तोंडून वदवलं. सौकारपेठेतल्या त्या मिसही फळ्याकडून मुलांकडे वळायच्या तेव्हा तेच करत होत्या. कॅमेऱ्यासमोर त्यांची हिंमत झाली नाही.

तमिळनाडूतल्या दोन गोष्टींनी मला विचारात पाडलं. पहिली जुनी आहे. सप्टेंबर 2011 पासून इथल्या सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या बारावीच्या मुलामुलींना मोफत लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. आमच्या मेसमधल्या एका अण्णांच्या मुलीला तसा मिळाला होता. अण्णा मला म्हणाले, घरात भावाने तो मागितला तेव्हा ती म्हणाली, माझ्या नावावर आहे, शाळेत दाखवावा लागतो. शाळेत खरंच दाखवावा लागायचा का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण भावाने पुन्हा मागितला नाही. मदत घराच्या नावाने आली की ती घरातल्या उतरंडीप्रमाणे वाटली जाते. मुलीच्या नावाने आली तर निदान तिला ‘माझं आहे’ एवढं तरी म्हणता येतं.

दुसरी म्हणजे ‘इल्लम तेडि कल्वी’, अर्थ साधारण ‘घर शोधत आलेलं शिक्षण’. ऑक्टोबर 2021 मध्ये ही योजना सुरू झाली. शाळा बंद असताना जे बुडालं ते भरून काढायला वस्तीतलेच शिकलेले स्वयंसेवक संध्याकाळी पाच ते सात पहिली ते आठवीच्या मुलांना शिकवायचे. सुमारे 2 लाख स्वयंसेवक झाले आणि त्यात बायका सगळ्यात जास्त. काकांच्या धाकट्या मुलीला तेव्हा फी झेपेना म्हणून कॉर्पोरेशनच्या शाळेत घातलं होतं. तिची अक्का गल्लीतलीच, शेजारच्या गच्चीवर शिकवायची. एका रविवारी मला ती गच्ची दाखवायला चुलतबहीण घेऊन गेली. खडूने आखलेले चौकोन, एक फळा, दोरीवर टांगलेली चित्रं. मला हे बघून जरा रागच आला. दीड वर्ष आम्ही फोनसाठी धडपडलो, आणि शेवटी उपाय काय, तर माणूस! अक्काकडेही फोन होता, त्यावर ती मुलांना व्हिडिओ दाखवायची. पण व्हिडिओ थांबवून ‘कळलं का?’ असं विचारणारं कोणी तरी तिथे बसलेलं होतं, मुलांच्या भाषेत. आणि आपल्या गल्लीतल्या अक्काकडे मुलीला पाठवायला कोणत्याच आजीची हरकत नव्हती.

आमचे एक इन्स्ट्रक्टर हे सगळं ऐकून म्हणाले, “तू स्वतः फोनवर शिकून इथे पोचलास आणि फोनलाच नावं ठेवतोस?” तसं नाही, सर. मला शिकवणारे सर आमच्या गावापासून शेकडो मैलांवर होते. फोन नसता तर मी आज गावात असतो. मी फोनचीच बाजू घेतोय. मला एवढंच म्हणायचं आहे की माझ्या यशात एक फोन आणि थोडी जिद्द होती, तशी ताईची नववीही होती. भाषणात मी पहिल्या दोन सांगितल्या.

पालकांना आणि शाळेला माझी दोन मागणी आहेत. ती छोटी आहेत, मोठी मागायची माझी रँक नाही.

शाळेसाठी अशी: सुट्टीतला अभ्यास आपण अ‍ॅपवर देतो, फोटो काढून अपलोड करायचा. सुट्टीत मी घरी गेलो की घरातला फोन आपोआप माझा होतो, आणि आता तर माझ्याकडे ‘शाळेचं काम आहे’ हे सरकारी कारणही असतं. मागच्या दिवाळीत ताई फोनवर पोलीस भरतीच्या गणिताचा तास बघत होती. मी म्हणालो, अपलोड करायचंय. तिने काही न बोलता तास बंद करून फोन दिला. अपलोडला पाच मिनिटं लागली. फोन मी तिला दोन तासांनी परत दिला, मध्ये क्रिकेट बघितलं. हा अभ्यास वहीत देता येईल. टर्मच्या पहिल्या दिवशी वही जमा करता येईल. ज्या कॅडेट्सना बहिणी आहेत त्यांनी हे वाचून कुठे बघावं ते त्यांचं त्यांना कळेल.

पालकांसाठी: घरात फोन एकच असेल तर वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा, आपल्या डॉर्मबाहेर ड्यूटी रोस्टर असतं तसं. मुलीचा तास आधी लिहा. ‘गरज असेल तेव्हा घे’ असं सांगितलं की मुली घेतच नाहीत, कारण त्यांच्या गरजेच्या वेळी कोणाची तरी जास्त मोठी गरज निघते. आणि मुलगी अठराची झाली असेल तर सिम तिच्या नावावर करा. ताई वीस वर्षांची आहे. ती भरतीचा फॉर्म भरते तेव्हा ओ.टी.पी. अण्णांच्या नंबरवर चेन्नईला येतो. अण्णा भट्टीपुढे असतात, ब्लोअरच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही. ते फोन बघतात तोवर ओ.टी.पी.ची मुदत संपलेली असते. एका फॉर्मला तिला तीन दिवस लागले. या रविवारी अण्णांशी मी याबद्दल बोललो. “करू की,” म्हणाले. म्हणजे केलेलं नाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.

मला इथे फोन मिळत नाही, त्यामुळे ताई आता अडलेली गणितं आंतर्देशीय पत्रावर लिहून पाठवते. व्हिडिओत सोडवून दाखवतात, पण भरभर, आणि मध्येच थांबवून विचारता येत नाही म्हणे. मी ती रात्रीच्या प्रेपमध्ये सोडवतो आणि पायऱ्यांसकट उलट पाठवतो. पत्र जायला-यायला दहा-बारा दिवस लागतात. मागच्या पत्रात नळ आणि टाकीचं गणित होतं. एक नळ टाकी 10 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत, आणि खालचा तिसरा नळ भरलेली टाकी 12 तासांत रिकामी करतो. तिन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? मी 6 तास असं उत्तर पाठवलं, खाली दोन रेघाही मारल्या. काल तिचं पत्र आलं. तिने माझ्या पायऱ्या पुन्हा लिहून काढल्या आहेत आणि तिसऱ्या ओळीपाशी पेनाने गोल केला आहे: “खालचा नळ धरायचा राहिला तुझ्याकडून. 12 तास. पुढचं गणित पाठवतेय, ते नीट वाचून सोडव.”